वाद्यखोलीतली म्हातारी

गुरुवार म्हणजे धायरीत लाईट जायचा वार. हे ठाऊक असल्यामुळे सुशीलाबाईंच्या घरी साडेसहालाच मिक्सर फिरून झाला होता, टाकीत पाणी चढवून झालं होतं आणि मुलगा योगेश सातला खराडीच्या ऑफिसला निघूनही गेला होता. आठच्या सुमाराला पंखा थांबला, तेव्हा सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मांडीवर ताट घेऊन गवार मोडत बसल्या होत्या आणि सून ऋतुजा एका हातानं स्वतःचा डबा भरत दुसऱ्या हातानं केसांच्या पिना शोधत होती.

दार वाजलं.

बेल विजेवरची, त्यामुळे येणाऱ्यानं बोटांनीच वाजवलं होतं. पण दुसऱ्यांदा वाजवायला त्याला वेळच मिळाला नाही. ताट घसरलं, गवार फरशीभर झाली, आणि एरवी गुडघ्यांची परवानगी घेऊन उठणाऱ्या सुशीलाबाई पापणी लवायच्या आत दाराशी पोचल्या.

"अहो आई, इस्त्रीवाला असेल! दार काय पळून चाललंय का?" ऋतुजा आतून ओरडली.

घरात ही नेहमीची चेष्टा होती. भाजी लागत असली तरी "आले, आले" म्हणत पाच मिनिटं घेणारी बाई, पण दारावर थाप पडली की तीरासारखी जायची. ऋतुजा नवी नवरी होऊन आली त्याच दिवशी सासूनं तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "न्हाणीची कडी लावू नको बाई, नुसतं लोटून घे. मी बसते हितं राखण." ऋतुजानं त्याच दुपारी माहेरी फोन केला होता की माणसं चांगली आहेत, पण सासूबाई जरा वेगळ्याच आहेत. आता पाच वर्षांनी तिला सवय झाली होती.

दारात इस्त्रीवाला नव्हता. पाठीला लॅपटॉपची पिशवी अडकवलेली, कुर्ता आणि जीन्स घातलेली एक मुलगी जिना चढून धापा टाकत उभी होती.

"सुशीलाबाई आपणच ना? मी सलोनी. वैजयंती सभागृहातले श्रीनिवासराव, त्यांची मुलगी."

सुशीलाबाईंनी तिच्या कपाळाकडे पाहिलं. बापाचंच कपाळ होतं, उंच आणि थोडं आठ्या घातलेलं.

"श्रीनिवास साहेबांची? तू तर इवलीशी होतीस. पेटीच्या खोक्यावर झोपायचीस विंगेत." मग त्या बाजूला झाल्या. "ये की आत. साहेब कसे हायत?"

"गेल्या दिवाळीत बायपास झाली. आता बरे आहेत. जिना चढायचा नाही, मीठ खायचं नाही आणि चिडायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्या दोन गोष्टी पाळतात."

ऋतुजानं हसत चपला घातल्या, गॅसवर चहा उकळतोय म्हणून बजावलं आणि ती कामाला गेली. घरात दोघीच उरल्या. सलोनी न सांगता खाली बसून सांडलेली गवार गोळा करू लागली. ते सुशीलाबाईंना बरं वाटलं. पेठेतल्या मुलींना खाली बसायचं ठाऊक नसतं, असा त्यांचा उगाच एक समज होता.

कामाची गोष्ट चहाच्या दुसऱ्या घोटाला निघाली. सलोनी आठवडाभर खराडीतच नोकरी करायची. पण रविवारी सकाळी ती लोकांना जुन्या पुण्यात पायी फिरवायची. भुताखेतांच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पाच जागा दाखवायची आणि तिथल्या गोष्टी सांगायची. शेवटची जागा शनिवार पेठेतलं वैजयंती सभागृह. नव्वद वर्षांची वास्तू, गाण्याची म्हणून नावाजलेली. पण आता महिन्याला एक मैफल झाली तरी मोठी गोष्ट.

"भुतं सकाळी दाखवतीस?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"विश्वस्तांनी वेळच तेवढी दिलीय, आठ ते नऊ. दारावर पाटी पण लावलीय, 'भुताची चौकशी कार्यालयात करू नये' म्हणून." सलोनी हसली. "पण खरं सांगू मावशी, क्राउड सगळं त्या शेवटच्या स्टॉपसाठीच येतं. वाद्यखोलीतली म्हातारी. चाळीस-चाळीस लोक असतात. बाबा म्हणाले, तिच्याबद्दल विचारायचं तर सुशीलाबाईंना विचार. तिला पहिल्यांदा त्यांनीच पाहिलं. तर मला तुमचा आवाज रेकॉर्ड करायचाय. फक्त पाच मिनिटं. त्या दारासमोर लोकांना ऐकवीन."

सुशीलाबाईंनी कपबशी खाली ठेवली. म्हातारीला त्यांनी पाहिलं नव्हतं. म्हातारीला त्यांनी घडवलं होतं. आणि तिच्यापायी काय झालं, ते त्यांनी नवऱ्यालासुद्धा तो मरेपर्यंत सांगितलं नव्हतं.

सुशीलाबाई मूळच्या गंगाखेडकडच्या. सतराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी पुणं पाहिलं. नवऱ्याला, वैजनाथला, सभागृहात रात्रपाळीचा वॉचमन म्हणून काम लागलं. त्याबरोबर मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला चिकटून एक खोली मिळाली. गाण्याशी दोघांचाही संबंध जात्यावरच्या ओव्यांपुरता. पहिल्या वर्षी तर विंगेतून बघताना सुशीलाबाईंना वाटायचं, हा माणूस एवढा वेळ आ करतोय, याला काय दुखतंय ते कुणी विचारत का नाही?

पुढे त्या सभागृहाचा झाडू मारू लागल्या, कलाकारांच्या खोल्या आवरू लागल्या. कुणाला कोमट पाणी लागतं, कुणाला चहात आलं चालत नाही, कुणाचा पदर मागून कुणीतरी टाचून द्यावा लागतो, हे त्यांना पाठ झालं. पडदा वर जायच्या आधी मोरीत जाऊन उलटी करणारी मोठी माणसं त्यांनी पाहिली होती. त्यातली एकही गोष्ट त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. "सुशीलाबाईंच्या पोटात विहीर आहे," असं श्रीनिवास म्हणायचा. तो तेव्हा कार्यालयात कारकून होता.

मुलीचं नाव वैजनाथनं हौसेनं प्रियदर्शनी ठेवलं. हाक मारायला ते लांब पडायचं, म्हणून घरात ती दर्शू. योगेश तिच्या पाठचा. दर्शू रांगली ती विंगेतल्या सतरंजीवर, आणि नऊ वर्षांची असताना अंगणात भांडी विसळता विसळता म्हणाली, "आई, तिसऱ्या तंबोऱ्याचा जोड उतरलाय." त्या दिवशी मुंबईहून आलेल्या एक वयस्क गायिका खोलीत तंबोरे लावून घेत होत्या. खिडकीतून त्यांनी ते ऐकलं. मुलीला आत बोलावलं, खुंटी तिच्या हातात दिली. दर्शूनं तार चढवली, थांबली, केसभर उतरवली आणि हात काढून घेतला. बाईंनी चारी तारा एकदा छेडून पाहिल्या. निघताना सुशीलाबाईंना म्हणाल्या, "हिला रोज तासभर तंबोऱ्यापाशी बसवा. शिकवायचं नंतर बघू. आधी सूर कानात मुरू दे."

बसवा म्हणणं सोपं होतं. तंबोरा होता कुठे? सभागृहाचे चार होते, मिरजेचे, गवसण्या घातलेले. ते मागच्या बोळातल्या वाद्यखोलीत कुलपात असत, आणि सेवकवर्गानं वाद्यांना हात लावू नये असं कार्यालयाच्या भिंतीवर लिहिलेलं. आदल्याच वर्षी एका शिपायानं ओळखीच्या माणसाला तबला वाजवू दिला म्हणून त्याला घरी बसवलं होतं. वैजनाथला हे विचारण्यात अर्थ नव्हता. देवाला भ्यावं तसा तो नोकरीला भ्यायचा.

पण दुपारी एक ते तीन कार्यालयातली सगळी माणसं जेवायला आणि वामकुक्षीला घरी जात. वैजनाथ रात्रपाळी करून झोपलेला असे. किल्ल्यांचा दुसरा जुडगा त्याच्या उशाशी खिळ्याला. सुशीलाबाई ती एक किल्ली काढत, दर्शूला आत सोडत आणि बाहेरून कुलूप लावत. कुलूप दिसलं म्हणजे कुणाला शंका यायला नको. मग त्या अंगणात भांडी घेऊन बसत. वाद्यखोलीचा झरोका अंगणाकडेच होता. आतला सूर बारीकसा ऐकू यायचा.

मुलीला त्यांनी एकच ताकीद दिली होती. "दार वाजवायचं नाय. काय लागलं-सवरलं तर खर्जाची तार तीनदा जोरात छेड. मी येते."

असे तीन-चार महिने गेले. एके दिवशी श्रीनिवास चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परत आला आणि बोळात थबकला. सुशीलाबाई ओल्या हातांनी धावल्या.

"कोण वाजवतंय हो आत? कुलूप तर बाहेरून आहे."

सुशीलाबाईंना पुढे कित्येक वर्षं कळलं नाही, ते शब्द त्यांच्या तोंडात आले कुठून. "कुणी नाय साहेब. ती म्हातारी असती दुपारची."

"कुठली म्हातारी?"

"तंबोऱ्यावर बसायची म्हणं, मोठमोठ्या गवयांच्या मागं. सगळा जन्म मागंच बसली. एकटीला कधी गायला मिळालं न्हाई."

श्रीनिवास अर्थशास्त्राचा पदवीधर, भुताखेतांवर हसणारा. पण त्यानं दाराला कान लावला आणि बराच वेळ तसाच राहिला. आत दर्शूला काहीच कळलं नव्हतं. ती आपली एकसारखी चार तारा छेडत होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सुरात आहे हो. आमच्या निम्म्या सभासदांपेक्षा बरी आहे. फक्त एक, दुपारी एक ते चार जागी असते, म्हणजे बाई पुण्याच्या नव्हेत." आणि चवड्यांवर चालत निघून गेला.

महिनाभरात सगळ्यांना म्हातारी ठाऊक झाली. वायरमननं दारापाशी लिंबू ठेवलं. शिपाई लांबून वळसा घालून जाऊ लागला. एक विश्वस्त म्हणाले, असू द्या, निदान तंबोरे तरी वाजते राहतात. एक ते तीन त्या बोळात चिटपाखरू फिरकेना. सुशीलाबाईंना मनातून भारी गंमत वाटली. त्यांनी म्हातारीला पांढरं लुगडं नेसवलं, डोक्यात अर्धे पिकलेले केस दिले. दर्शूला पोट धरून हसू यायचं. "आई, म्हातारीला आज तोडी लावायची होती गं, पण वेळ चुकली," म्हणायची. पाच वर्षं म्हातारीनं त्या पोरीची राखण केली. कुलपापेक्षा भीती पक्की.

दर्शूला लहानपणापासून दमा होता. ऋतू बदलला की छाती वाजायची. तोंडात मारायचा पंप दप्तरात असे.

ती चौदाची झाली त्या वर्षी मे महिन्यात वैजनाथ योगेशला घेऊन गावी लग्नाला गेला होता. सभागृहाला सुट्टीच होती. आदल्या दिवशी सुतारानं वाद्यखोलीतल्या फळ्यांना पॉलिश केलं होतं. एक वाजता सुशीलाबाईंनी दार उघडलं तर वास भपकन नाकात गेला. "आज राहू दे," त्या म्हणाल्या. दर्शू म्हणाली, "आई, उद्या बाबांबरोबर गावचे पाहुणे येणार, मग आठ दिवस बसता येणार नाही." झरोका आहे, असं म्हणून सुशीलाबाईंनी कुलूप लावलं. पंप घरातल्या दप्तरात राहिला.

दोनच्या सुमाराला कधी नव्हे ते श्रीनिवास दोन विश्वस्तांना घेऊन आला. खुर्च्या बदलायच्या होत्या, रांगा मोजायच्या होत्या. सुशीलाबाईंना पुढच्या बाजूला चहा करायला बोलावलं. पुढून झरोका ऐकू येत नाही.

चहा उकळत असताना श्रीनिवास आतून आला. चेहरा हसरा, पण थोडा उतरलेला. "सुशीलाबाई, तुमची म्हातारी आज फारच रागावलीय हो. आधी तारा ओरबाडत होती, आता दार आपटतेय. एखादा तंबोरा फोडायची."

सुशीलाबाईंच्या मनात आलं, कार्टीला किती वेळा सांगितलं, दार वाजवायचं नाही म्हणून. लघवीला आली असेल. मागे एकदा असंच केलं होतं. विश्वस्त दोघंही बोळाच्या तोंडाशीच टेप धरून उभे होते. आता कुलूप काढायला जावं तर त्यांच्या देखत काढावं लागणार. वैजनाथची नोकरी जाणार, खोली जाणार, मुलं रस्त्यावर येणार. पाच मिनिटं थांबेल पोरगी. मरत नाही काही.

"अवस आली ना जवळ साहेब," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

श्रीनिवासही हसला. विश्वस्तांना त्यानं सांगितलं, तेही हसले. त्यातल्या एकानं बोळाकडे बघून नमस्कार केला. मग सगळ्यांनी चहा घेतला. रांगा मोजल्या, चुकल्या, परत मोजल्या. पाच मिनिटांची पंचवीस झाली. विश्वस्त गेले, श्रीनिवास कार्यालयात शिरला, तेव्हा सुशीलाबाई किल्ली घेऊन पळाल्या. बोळात काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना वाटलं, रुसली.

दार आत ढकललं जाईना. दर्शू त्याला टेकून बसली होती.

पुढचं त्यांनी जे केलं ते कसं केलं, हे त्यांचं त्यांना कधी उलगडलं नाही. त्यांनी मुलीला खांद्यावर घेतलं, बोळाच्या मागच्या दारानं अंगणातून आपल्या खोलीत नेलं, खाटेवर निजवलं, पंप तिच्या उशाशी ठेवला. आणि मग ओरडल्या. आधी निजवलं, मग ओरडल्या. श्रीनिवास कार्यालयातून धावत आला आणि तसाच डॉक्टरला आणायला पळाला. एक चप्पल दारातच राहिली होती, दुसरी पायात. भर दुपारच्या तापलेल्या रस्त्यावरून तो तसा एका चपलेनं पळत गेला. पंचवीस मिनिटांआधी खरं सांगितलं असतं तर तो तेव्हाही असाच पळाला असता. हे सुशीलाबाईंना त्याच क्षणी कळलं, आणि तेव्हापासून रोज कळत आलं आहे.

डॉक्टरनं दमा म्हणून सांगितलं. हाताच्या मुठी सोलवटल्या होत्या, त्याबद्दल विचारलं. "धुणं धूत होती," सुशीलाबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वैजनाथ गावाहून यायच्या आत त्यांनी वाद्यखोली झाडली, तंबोऱ्याच्या तारा उतरवून गवसणी घातली, कोपऱ्यातल्या दर्शूच्या चपला काढल्या आणि कुलूप लावलं. वैजनाथ मरेपर्यंत म्हणत राहिला, मी गावाला गेलो नसतो तर पोरगी वाचली असती. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हाही अंथरुणात हेच. सुशीलाबाई त्याच्या पायाला तेल चोळत म्हणायच्या, "गप पडा. तुमचा काय दोष." यापलीकडे एक शब्द नाही. पोटात विहीर होती ना.

त्यांना वाटलं होतं, आता तंबोरा वाजणार नाही तर म्हातारीही विसरली जाईल. पण भुताला वाजावं लागत नाही. ज्यांनी कधी काही ऐकलं नव्हतं त्यांनाही ऐकू येऊ लागलं. कुणी तिच्या पायात चाळ बांधले, कुणी तिला कुण्या सरदाराची नाटकशाळा केलं. श्रीनिवास मात्र आपण ऐकलं तेवढंच सांगायचा. त्याच दुपारी वॉचमनची मुलगी गेली, हा भाग त्यानं कधी गोष्टीत घेतला नाही. सभ्य माणूस. त्याला वाटायचं, दुःखाची गोष्ट वेगळी आणि भुताची वेगळी.

"मावशी, आधी हे बघा ना," सलोनीनं मोबाइल पुढे केला. "मागच्या रविवारचा व्हिडिओ. आमचा हायलाइट."

तोच बोळ. भिंतींना नवा रंग, दाराला नवं कुलूप. समोर दाटीवाटीनं माणसं, एकानं पोराला खांद्यावर घेतलेलं. व्हिडिओतली सलोनी हळू आवाजात सांगत होती, "माझ्या बाबांनी हे स्वतः ऐकलंय. आधी तारांचा आवाज. खर्ज, परत परत, तीन-तीनदा. आणि मग..."

तिनं दारावर मुठी आपटल्या. धाडधाड, खूप वेळ. मग थांबून थांबून. मग एकेक. मग मध्ये मोठा खंड पडला. बोळातले लोक श्वास रोखून उभे. आणि मग अगदी खालून, गुडघ्यावर बसून, तिनं दारावर एकदाच तळवा घासला.

कुणीतरी किंचाळलं. सगळे मागे सरले, मग हास्याचा लोट. मागून एक मुलगा ओरडला, "आजी, एवढं काय? पासवर्ड विसरलात का?" पुन्हा हशा.

सुशीलाबाईंनी हे दार वाजणं आजवर ऐकलं नव्हतं. त्या पुढच्या बाजूला चहा करत होत्या. शेवटाला कसं वाजलं, किती वेळ वाजलं, हे एकवीस वर्षांत त्यांना ठाऊक नव्हतं.

"परत दाखव," त्या म्हणाल्या.

सलोनीनं परत लावलं. मग सुशीलाबाईंनी आणखी एकदा लावायला सांगितलं.

"आवडलं ना? बाबांनी अगदी बीट टू बीट शिकवलंय. म्हणतात, तो शेवटचा आवाज कानातून जात नाही." सलोनीनं मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. "करूया सुरू? म्हातारीला तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलं?"

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. सुशीलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"म्हातारी नव्हतीच. मी रचली."

"काय?"

"मी रचली गं. वाद्यांना कुणी हात लावू नये, दुपारचं कुणी तिकडं फिरकू नये म्हणून. लोकांनी खरी धरली."

सलोनीचे डोळे चमकले. "कमाल करता मावशी! म्हणजे अख्ख्या पुण्याला तुम्ही..." मग ती एकदम थांबली. बापाच्या कपाळाला पडायची तशीच आठी तिच्या कपाळाला पडली. "पण मग बाबांनी ऐकलं ते? म्हातारी नव्हती, तर दार कोण वाजवत होतं?"

हा प्रश्न विचारायला एकवीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आलं होतं. सांगितलं असतं तर सुशीलाबाईंचं ओझं निम्मं झालं असतं. त्यांना ते जाणवलं, अगदी ओठांवर आलं. पण निम्मं उतरतं म्हणजे कुठेतरी जाऊन पडतं. ते धायरीहून शनिवार पेठेत गेलं असतं. जिना, मीठ आणि राग वर्ज्य असलेल्या माणसाच्या छातीवर. तापलेल्या रस्त्यावरून एका चपलेनं पळालेला माणूस. ज्यानं हसत हसत येऊन त्यांना सांगितलं होतं, आणि त्यांनी हसून त्याला परत पाठवलं होतं.

"घूस होती," सुशीलाबाई म्हणाल्या. "फळ्यांच्या मागं शिरली होती. तिनंच तारा ओरबाडल्या. दारावर धडका मारत होती भाईर पडायला. दुसऱ्या दिवशी मीच काढली मेलेली."

सलोनी खळखळून हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "घूस! बाबा वीस-एकवीस वर्षं घुशीची गोष्ट सांगतायत! आणि मी चाळीस लोकांसमोर गुडघ्यावर बसून घुशीची ॲक्टिंग करतेय! अगं आई गं!"

सुशीलाबाईंनी तिला हसू दिलं. स्वतःच्या तोंडानं आपल्या लेकीला काय म्हटलं ते त्यांनी ऐकलं होतं. गवारीची एक शेंग त्यांच्या मुठीत होती, तिचा लगदा झाला होता.

"नाही सांगणार मी बाबांना," सलोनी डोळे पुसत म्हणाली. "बिचाऱ्यांचा एवढा एकच किस्सा आहे. आणि क्राउडला पण घूस नाही चालणार. म्हातारीच राहू दे, चालेल ना तुम्हाला? हे रेकॉर्डिंग मी पुसून टाकते." तिनं मोबाइल उचलला, पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत जाऊन ती वळली. "पण मावशी, तुम्ही एकदा या ना वॉकला. विश्वस्तांना सांगून शाल-नारळ देऊ तुम्हाला. एवढी वर्षं तिथं काढलीत. काहीतरी घ्याच. काय हवंय सांगा."

"शाल नको. एक मागू?"

"मागा ना."

"तुझी गोष्ट तू सांग. म्हातारीची सांग, दार वाजवून दाखव, लोकांना हसू दे. पण सगळं झालं की, माणसं पांगायच्या आधी, त्यांना एवढं सांगत जा. बंद दाराच्या आतून कुणी वाजवत असंल, तर कोण हाय ते इचारत बसायचं नाय. आधी दार उघडून बघायचं. दर रविवारी सांग. एवढंच."